प्रोटीनचा डबा की आगोटचा जवळा? जास्त प्रोटीन खाऊन खरंच फायदा होतो का?

इन्स्टाग्राम उघडलं की तिसरं रील प्रोटीनचं असतं. कुणी सांगतं दिवसाला 150 ग्रॅम घ्या, कुणी म्हणतं भारतीय जेवणात प्रोटीनच नसतं. दुकानात गेलात तर बिस्कीट, आइस्क्रीम, लस्सी, सगळ्यावर मोठ्या अक्षरात 'हाय प्रोटीन' लिहिलेलं. मग महिन्याच्या पगारातून दोन-तीन हजार बाजूला काढून डबा घेतला जातो.

आता हेच चित्र सातपाटीत ठेवून बघा. पालघर स्टेशनच्या पश्चिमेला असलेलं हे मच्छीमारांचं गाव पापलेटसाठी प्रसिद्ध. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेटला 'राज्य मासा' जाहीर केलं, त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत सातपाटीचे मच्छीमार पुढे होते. इथल्या बायका बोंबील बांबूच्या वलांडीवर सुकवतात, जवळा उन्हात पसरतात. आणि याच गावातला एखादा तरुण तारापूर एमआयडीसीतली शिफ्ट संपवून बोईसरच्या जिममध्ये जातो, तेव्हा त्याला सांगितलं जातं, "भावा, तुझ्या डाएटमध्ये प्रोटीन कमी आहे."

खरंच कमी आहे का? हिशेब करून पाहू.

आधी हे प्रोटीन करतं काय?

प्रोटीन म्हणजे प्रथिनं. स्नायू, त्वचा, केस, रक्तातलं हिमोग्लोबिन, पचनाचे रस, रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडीज, या सगळ्यांचा कच्चा माल प्रथिनांतून येतो. शरीर जुनं मोडून नवं बांधत असतं, म्हणून रोज प्रथिनं लागतात.

पण एक अडचण आहे. जास्तीची साखर आणि तेल शरीर चरबीच्या रूपात साठवतं. प्रथिनांसाठी असं कोठार नाही. गरजेपेक्षा जास्त आलेल्या प्रथिनांतला नायट्रोजन युरिया होऊन किडनीवाटे लघवीतून बाहेर जातो. उरलेला भाग ऊर्जा म्हणून जळतो किंवा चरबी बनतो. म्हणजे दुप्पट प्रोटीन खाल्लं म्हणून दंड दुप्पट होत नाहीत.

मग रोज किती लागतं?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये नवे आकडे दिले. निरोगी प्रौढ माणसासाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम. वजन 65 किलो असेल तर साधारण 54 ग्रॅम.

हा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही.

गरोदर बाई: चौथ्या ते सहाव्या महिन्यात रोज साडेनऊ ग्रॅम जास्त, शेवटच्या तीन महिन्यांत 22 ग्रॅम जास्त.

अंगावर पाजणारी आई: पहिले सहा महिने रोज सुमारे 17 ग्रॅम जास्त.

साठी-पासष्टी ओलांडलेले: वयाबरोबर स्नायू झिजतात. 2013 मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने ज्येष्ठांसाठी दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम सुचवलं.

जिममध्ये वजन उचलणारे: 2018 मध्ये 49 अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात 1,800 हून अधिक लोक होते. निष्कर्ष असा की व्यायामासोबत प्रोटीन वाढवलं तर स्नायू वाढायला मदत होते, पण दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅमच्या पुढे गेल्यावर सरासरी जास्तीचा फायदा दिसला नाही.

शेवटच्या मुद्द्यात 'व्यायामासोबत' हा शब्द महत्त्वाचा आहे. स्नायूंना वाढायचा हुकूम वजन उचलल्याने मिळतो, प्रोटीन फक्त माल पुरवतं. व्यायाम नसेल तर माल पडून राहत नाही, जळून जातो.

सातपाटीच्या ताटात किती प्रोटीन आहे?

65 किलो वजनाच्या तरुणाचं एक दिवसाचं जेवण धरू. आकडे अंदाजे आहेत.

दिवसभराचा भात (दीडशे ग्रॅम तांदूळ): 11 ग्रॅम
तांदळाच्या दोन भाकऱ्या: 7 ग्रॅम
डाळ (30 ग्रॅम कोरडी): 7 ग्रॅम
ताजा मासा, 100 ग्रॅम: 18 ग्रॅम
सुका जवळा, 20 ग्रॅम: 12 ग्रॅम
दोन अंडी: 12 ग्रॅम

बेरीज 67 ग्रॅम. गरज होती 54 ची. म्हणजे जिमला न जाणाऱ्यासाठी हे ताट भरलेलं आहे.

आता तो मन लावून वजन उचलतो असं धरू. 1.6 ने गुणलं तर 104 ग्रॅम होतात. वरच्या ताटात मूठभर शेंगदाणे (7 ग्रॅम) आणि ग्लासभर दूध (6 ग्रॅम) घातलं की 80. त्यात माशाची अजून एक तुकडी आणि वाटीभर डाळ वाढवली की 104 च्या जवळ पोचलो, तेही डबा न उघडता.

मासे न खाणाऱ्यांचं, किंवा सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या घरांचं काय? मासा, जवळा आणि अंडी काढली तर याच ताटात 25 ग्रॅमच उरतात. तिथे रीलवाल्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही. पण उपाय स्वयंपाकघरातच आहे. वाल, मूग किंवा हरभरे 60 ग्रॅम, सोया चंक्स 30 ग्रॅम आणि दिवसभरात दोन ग्लास दूध किंवा दही घेतलं, तर आकडा पुन्हा 65 च्या घरात जातो. भातात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत जे कमी पडतं ते भातातून मिळतं. म्हणून वरण-भात किंवा वालाचं बिरडं आणि भात ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते.

सुकी मासळी आणि पावडर: फरक किती?

1 जून ते 31 जुलै या काळात मासेमारी बंद असते. म्हणून पावसाआधी आगोटची खरेदी होते: सुका बोंबील, जवळा, सोडे डब्यात भरून ठेवायचे. आजी-पणजीने शोधलेला हा किनाऱ्याचा प्रोटीनचा डबाच म्हणायचा.

कारण सोपं आहे. ताज्या बोंबलात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे 100 ग्रॅममागे प्रोटीन 10 ग्रॅमच्या आसपास. पाणी उडालं की सुक्या बोंबलात ते 60 ग्रॅमच्या घरात जातं. सुका जवळाही त्याच रांगेत. जिममधल्या व्हे पावडरमध्ये 100 ग्रॅममागे साधारण 70 ते 80 ग्रॅम असतं. व्हे म्हणजे चीज किंवा पनीर करताना निथळणारं पाणी, तेच सुकवून पावडर करतात. ती लवकर पचते आणि तिचा दर्जा चांगला असतो, हे खरं. जवळा आपण कवचासकट खातो, त्यामुळे त्यातला थोडा भाग अंगी लागत नाही. पण त्याच कवचासोबत कॅल्शियम मिळतं.

आता पैशांचं बघू. भाव रोज बदलतात, म्हणून सूत्र लक्षात ठेवा: किंमत भागिले एकूण प्रोटीनचे ग्रॅम. खालचे भाव फक्त उदाहरणासाठी धरले आहेत.

पावडर, 2,400 रुपये किलो, त्यात 750 ग्रॅम प्रोटीन: एका ग्रॅमला 3 रुपये 20 पैसे
सुका जवळा, 400 रुपये किलो, त्यात 600 ग्रॅम: सुमारे 67 पैसे
तूरडाळ, 140 रुपये किलो, त्यात 220 ग्रॅम: सुमारे 64 पैसे
शेंगदाणे, 140 रुपये किलो, त्यात 250 ग्रॅम: 56 पैसे
अंडं, 7 रुपयांना, त्यात 6 ग्रॅम: सुमारे 1 रुपया 17 पैसे
पापलेट, 1,000 रुपये किलो, डोकं-काटा वजा जाता 100 ग्रॅम: 10 रुपये

म्हणजे नुसत्या प्रोटीनसाठी पापलेट खाणं पावडरपेक्षाही महाग पडतं. पापलेट चवीसाठी खा, प्रोटीनसाठी जवळा आणि डाळ आहे. तुमच्या बाजारातला भाव घालून हीच यादी पुन्हा करून बघा.

पावडरीबद्दल अजून एक गोष्ट. 2024 मध्ये केरळच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकली जाणारी 36 प्रोटीन सप्लिमेंट्स तपासली गेली. जवळपास 70 टक्के डब्यांवर प्रोटीनची माहिती चुकीची निघाली, काहींत तर लिहिल्याच्या निम्मंच प्रोटीन होतं. सुमारे 14 टक्के नमुन्यांत बुरशीपासून बनणारं विष सापडलं. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या आयसीएमआर-राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार मार्गदर्शिकेनेही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं सांगितलं.

हा वाद नवा नाही, आणि त्यात एक मराठी माणूस होता

1960 च्या दशकातही जग असंच प्रोटीनवेडं झालं होतं, फक्त तेव्हा विषय गरीब देशांचा होता. 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या 'प्रोटीन संकटा'वर अहवाल काढला. अमेरिकेत मासे दळून प्रोटीनची पावडर बनवायचे प्रयोग चालू होते.

तेव्हा उलट बोलणाऱ्यांत होते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. आहार पाहण्यांचे आकडे तपासून त्यांनी मांडलं की भारतात ज्यांना प्रोटीन कमी पडतं, त्यांना बहुतेक वेळा एकूण अन्नच कमी पडतं. पोटभर धान्य-डाळ मिळाली तर प्रोटीन बऱ्याच अंशी आपोआप भागतं. आणि पोट रिकामं असेल तर वरून दिलेलं महागडं प्रोटीन शरीर चुलीत सरपण घालावं तसं ऊर्जेसाठी जाळून टाकतं.

1974 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड मॅकलॅरेन यांनी त्या सगळ्या प्रोटीन मोहिमेला 'महाफजिती' म्हटलं. सुखात्मेंचं सगळंच मान्य झालं असं नाही. कमी अन्नाशी शरीर जुळवून घेतं, या त्यांच्या पुढच्या मांडणीवर कडक टीका झाली. पण पोट आधी, पावडर नंतर, हा मुद्दा टिकला.

आज त्यात एक बदल झाला आहे. सुखात्मेंचा हिशेब धान्य आणि डाळीच्या जेवणाचा होता. आता वडापाव, बिस्किटं, चिप्स आणि गोड चहावरही पोट भरतं, पण त्यातून प्रोटीन फारसं येत नाही. 2024 च्या मार्गदर्शिकेनुसार डाळी, मांस, मासे मिळून रोजच्या ऊर्जेच्या 14 टक्के यायला हवेत, प्रत्यक्षात 6 ते 9 टक्केच येतात. त्यामुळे 'भारतीयांना प्रोटीन हवं' हे बरोबर आहे, पण 'म्हणून डबा घ्या' हे त्यातून निघत नाही.

एकाच जिल्ह्यात दोन ताटं

सातपाटीतून पूर्वेला डोंगर चढून गेलं की जव्हार-मोखाडा लागतं. 1992 मध्ये जव्हार भागातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं. तिथल्या गरोदर बाईसाठी जास्तीच्या 22 ग्रॅमचा प्रश्न बाळाच्या वजनाचा असतो. 2015 मध्ये राज्य सरकारने आदिवासी भागात एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली, तेव्हा त्यात एक वेळचं चौरस जेवण ठरवलं: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं. पुढे लहान मुलांसाठीही अंडी आणि केळी आली. ऊर्जा आणि प्रोटीन एकाच ताटात. सुखात्मे यापेक्षा वेगळं काय सांगत होते?

कुणी जपून राहायचं?

किडनीचा आजार असलेल्यांनी. डायलिसिस सुरू नसलेल्या अशा रुग्णांना डॉक्टर बहुतेकदा प्रोटीन मर्यादित ठेवायला सांगतात, तर डायलिसिसवर असलेल्यांना उलट जास्त लागतं. म्हणून रील बघून ठरवायचं नाही. डायबेटिस किंवा बीपी असेल तर हाय प्रोटीन डाएटआधी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्या, कारण किडनी बरीच बिघडेपर्यंत त्रास जाणवत नाही.

युरिक ॲसिड वाढलेल्यांनी जवळा आणि सुकी मासळी बेतानेच खावी. बीपीवाल्यांनी खारवलेली मासळी टाळावी किंवा भिजवून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावी.

थोडक्यात काय?

पुरेसं प्रोटीन खाणं शंभर टक्के फायद्याचं. वजन कमी करताना थोडं जास्त घेतलं तर पोट भरल्यासारखं राहतं आणि स्नायू कमी झिजतात, हेही खरं. व्यायाम करणारे, गरोदर बायका, ज्येष्ठ यांनी ताटात जाणीवपूर्वक वाढवावं. पण गरजेच्या वर ढीग लावून हाती फारसं लागत नाही, खिसा मात्र हलका होतो.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा आपलं वजन 0.83 ने गुणा आणि ताटातले ग्रॅम मोजा. कमी पडत असतील तर आधी फडताळातला आगोटचा डबा उघडा, नाहीतर डाळीचा.