किंगची माणसे

घराण्याचा इतिहास मूळपुरुषापासून सांगण्याची रीत सर्वत्रच आहे. दक्षिण टेक्ससमधील 'किंग रँच' या अफाट चराऊ मुलखाची कथाही कॅप्टन रिचर्ड किंगपासूनच सुरू होते. १८२४ साली न्यूयॉर्कमधील एका गरीब आयरिश कुटुंबात जन्मलेला हा पोर लहानपणीच जहाजात लपून पळाला आणि पुढे रिओ ग्रांदे नदीवर आगबोटींचा कप्तान झाला. १८५३ साली त्याने सांता गर्ट्रुडिस ओढ्याकाठची १५,५०० एकर जमीन अवघ्या ३०० डॉलरना घेतली. एकरी दोन सेंटही पडले नाहीत! १८४८ च्या तहाने सरहद्द रिओ ग्रांदेवर आली होती आणि जमिनीचे मेक्सिकन वारस नदीपलीकडे राहिले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या स्वस्ताईचे नवल वाटत नाही.

परंतु किंगला बोटी ठाऊक होत्या, गुरे नव्हेत. १८५४ च्या सुमारास मेक्सिकोतील क्रुइयास गाव दुष्काळाने गांजले होते. किंगने त्यांची गुरे विकत घेतली आणि, सांगतात की, वाटेतून परत फिरून त्याने साऱ्या गावालाच आपल्याकडे बोलावले. सुमारे शंभर माणसे बायकापोरांसह, चीजवस्तू घेऊन निघाली. त्यांना नाव पडले 'किनेन्योस', म्हणजे किंगची माणसे.

फास टाकावा कसा, उधळलेला कळप वळवावा कसा, ही विद्या त्यांची. 'रँच', 'लॅसो', 'रोडिओ' हे शब्दही मूळचे स्पॅनिशच.

१८८५ साली किंग वारला, तेव्हा डोक्यावर पाच लाख डॉलरचे कर्ज होते. पत्नी हेन्रिएटाने जावई रॉबर्ट क्लेबर्ग याच्या साहाय्याने कारभार सावरला. पुढे तेथे शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मन यांच्या संकरातून 'सांता गर्ट्रुडिस' ही जात निपजली. १९४० साली तिला मान्यता मिळाली. या ब्राह्मन गुरांच्या पूर्वजांत गीर, ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठचीही गुरे होती.

१९२५ मध्ये हेन्रिएटाला मूठमाती देताना सुमारे दोनशे किनेन्योंनी घोड्यांवरून थडग्याला प्रदक्षिणा घातली. त्यांतील कित्येकांचे वाडवडील याच रानात राबले होते. त्यांनाही वंशावळ होती. पिढ्यान्‌पिढ्या तेथेच जन्म, लग्न आणि मरण. घर आणि रोजगार त्यांना मिळाला. जमीन मात्र किंगच्याच वंशजांकडे राहिली.