पाच मिलिमीटरची माघार

१९०६ साली अमेरिकी सैन्याच्या हजारो रायफली शस्त्रागारात परत आल्या. जेमतेम दोन-तीन वर्षांपूर्वी बनवलेल्या. कारागिरांनी त्यांच्या नळ्या सोडवल्या, मागच्या टोकाकडून सुमारे पाच मिलिमीटर कापल्या, पुन्हा आटे पाडले आणि परत बसवल्या. रायफली बिघडल्या नव्हत्या. बदलली होती ती गोळी.

गोष्ट सुरू होते १८९८ मध्ये, क्यूबात. सान हुआनच्या टेकडीवर स्पॅनिश सैनिकांच्या माउझर रायफलींनी अमेरिकनांना चांगलाच धडा शिकवला. मग अमेरिकेने माउझरच्या धर्तीवर स्वतःची रायफल बनवली: स्प्रिंगफील्ड मॉडेल १९०३. (त्यासाठी माउझर कंपनीला पुढे रॉयल्टीही मोजावी लागली.) तिची गोळी होती गोल नाकाची, लांब, १४.३ ग्रॅमची. वेग सेकंदाला सुमारे ७०० मीटर.

पण त्याच वर्षी जर्मनीने टोकदार गोळी स्वीकारली. वजन फक्त १० ग्रॅम, वेग ८७० मीटरच्या पुढे. टोकदार गोळीला हवेचा विरोध कमी, त्यामुळे ती जास्त सपाट मार्गाने जाते आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही. अमेरिकेची नवी रायफल जन्मतःच जुनी झाली.

मग नुसती गोळी बदलायची ना? इथेच खरी मेख आहे.

काडतूस जिथे बसतं त्या चेंबरच्या पुढे आणि नळीतले सर्पिल आटे सुरू होण्याआधी थोडी गुळगुळीत जागा असते. तिला म्हणतात थ्रोट, म्हणजे घसा. गोल नाकाच्या गोळीची जाडी जवळजवळ टोकापर्यंत सारखी असते, म्हणून तिला लांब घसा लागतो. टोकदार गोळी आधीपासूनच निमुळती होत जाते, शिवाय हलकी म्हणून आखूडही असते. लांब घशात ती आट्यांपर्यंत पोहोचण्याआधी काही अंतर आधाराशिवाय उडी मारते. त्यात ती किंचित जरी तिरपी झाली तरी आटे तिला तशीच तिरपी पकडतात, आणि नेम बिघडतो.

म्हणून १९०६ च्या नव्या काडतुसाची मान सुमारे १.८ मिलिमीटरने आखूड केली आणि ९.७ ग्रॅमच्या टोकदार गोळीसाठी घसाही आखूड ठरवला. हेच ते प्रसिद्ध थर्टी-ऑट-सिक्स. वेग झाला ८२० मीटर.

पण आधीच कोरलेल्या घशाचं काय? खरवडून काढलेलं पोलाद परत भरता येत नाही. उपाय एकच: नळी मागून कापायची, पुढे सरकवायला नाही तर मागे घ्यायला, आणि त्यात नवं, आखूड चेंबर कोरायचं. तसंही १९०५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या रायफलीच्या सळईसारख्या संगिनीवर सडकून टीका केली होती, आणि ती बदलायचं काम निघालंच होतं. नव्या गोळीचा मार्ग वेगळा, म्हणून नेम धरायची साधनंही बदलली.

ब्रिटिशांनी मात्र वेगळी वाट धरली. १९१० च्या सुमारास त्यांनी थ्री-नॉट-थ्रीसाठी टोकदार गोळी आणली, पण तिच्या नाकात शिशाऐवजी हलकं ॲल्युमिनियम भरलं. त्यामुळे वजन ११.३ ग्रॅमवर आलं, तरी गोळी लांबच राहिली. लाखो रायफली हाताशी असलेल्या साम्राज्याला नळ्या कापत बसणं परवडणारं नव्हतं.

पुढे अमेरिकेलाही तेच शहाणपण आलं. पहिल्या महायुद्धात ९.७ ग्रॅमची गोळी मशीनगनसाठी दूरवर कमी पडते हे दिसलं. १९२० च्या दशकात सुमारे ११ ग्रॅमची, मागे निमुळती गोळी आली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर पुन्हा हलकी. पण काडतुसाचा आराखडा १९०६ चाच राहिला. तोवर रायफली इतक्या झाल्या होत्या, की आता जुळवून घेणं गोळीच्याच वाट्याला आलं होतं.

सुरुवातीला गोळीसाठी घसा कापला जातो. नंतर घशासाठी गोळी घडवली जाते. मधल्या काळात कधीतरी निर्णय बदलण्याची मुदत संपलेली असते, आणि ती संपल्याची दवंडी कुणी पिटत नाही.