इंग्रजी कंटाळ्याची कुळकथा

'मी बोअर झालों' असें आमचा एखादा विद्यार्थी म्हणतो, तेव्हां आपण परभाषा बोलत आहों असें त्याच्या मनांतहि येत नाहीं. त्याच्यावर रागावण्याचें कारण नाहीं. खुद्द इंग्रजींतहि हा शब्द फारसा जुना नव्हे. डॉक्टर जॉन्सनचा कोश १७५५ सालीं निघाला. त्यांत 'बोअर' म्हणजे भोंक पाडणें. रटाळ मनुष्याचा त्यांत पत्ता नाहीं. पुढें दहापंधरा वर्षांतच उमरावांच्या पत्रांतून तो नव्या अर्थानें डोकावूं लागला. त्यापूर्वीं इंग्रजांना कंटाळा येत नव्हता असें नव्हे. पण त्यासाठीं फ्रेंचांचा 'आन्वी' उसना घेण्यांत त्यांस भूषण वाटे. डिकन्सच्या 'ब्लीक हाउस' (१८५२-५३) या कादंबरींतील लेडी डेडलॉक कंटाळ्यानें मरणोन्मुख झालेली आहे, आणि तिला काम म्हणून कांहींच नाहीं!

'फेड अप' या प्रयोगाचें कूळ मात्र निराळें. तो बोअर युद्धांत (१८९९-१९०२) शिपायांच्या तोंडीं रुळला. कोरड्या बिस्किटांवर दिवस काढणाऱ्यांनीं अतितृप्तीची भाषा बोलावी, ही मौज खरी. पण त्यांच्या कंटाळ्याबद्दल आम्हांस लेडी डेडलॉकच्या कंटाळ्याहून अधिक आदर वाटतो. 'तेथें जाऊन आलों, तेंहि करून झालें' अशा अर्थाची १९८० नंतर फैलावलेली बेफिकीर उक्ति आम्हांस मुळींच रुचत नाहीं. आमच्या 'वीट येणें' यांत निदान प्रामाणिकपणा आहे: वापरून वापरून वस्त्राचा रंग विटतो, तसें मन विटतें.

शिळ्या विनोदास इंग्रजींत 'चेस्टनट' म्हणतात. याचें मूळ म्हणून विल्यम डायमंडच्या 'द ब्रोकन स्वोर्ड' (१८१६) या नाटकाकडे बोट दाखविण्यांत येतें. त्यांतील कप्तान आपली ठरलेली गोष्ट सांगतां सांगतां बुचाच्या झाडाचें नांव घेतो. पाब्लो तत्काळ त्याला अडवितो: झाड चेस्टनटचें होतें, ही गोष्ट आपण सत्तावीस वेळां ऐकली आहे!

कप्तानाची कींव करावी, तर आमचीहि पंचाईत होते. जॉन्सनच्या कोशांतील ओट धान्याच्या व्याख्येचा किस्सा आम्ही वर्गांत दरवर्षीं सांगतों. गेल्या वर्षीं स्कॉटलंडचें नांव आम्हीं उच्चारण्यापूर्वींच पहिल्या बाकावरील एका मुलीनें तें हळूच उच्चारलें. तिची थोरली बहीणहि आमचीच विद्यार्थिनी होती.