जलशीर्ष, प्रकृतदाबी : शंटनंतरची वर्षे

उतारवयातील व्याधी. मेंदूतील पोकळ्या मस्तिष्कमेरुद्रवाने फुगतात, पण कमरेत सुई घालून मोजलेला दाब बहुधा प्रकृतच भरतो. रेमंड ॲडम्स व कोलंबियातील मेंदूशल्यविशारद सालोमोन हाकिम यांनी १९६५ मध्ये तिचे वर्णन केले. चाल बिघडणे, लघवीवरचा ताबा सुटणे आणि विसराळूपणा ही लक्षणे.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातील कळंबच्या बाजूला ती बांधावर आधी दिसते. जन्मभर भातखाचरांच्या बांधांवरून वावरलेला माणूस पाय फाकवून, जमिनीला चिकटल्यासारखे घासत चालतो. वळायला पाच-सहा पावले घेतो, उंबरठ्याशी थबकतो. ‘वय झालं’ म्हणून वर्षे निघून जातात आणि नुकसान होते ते इथेच. उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेचा लाभ सहसा कमी मिळतो.

शंट म्हणजे मेंदूच्या पोकळीतला द्रव पोटात उतरवणारी, कातडीखालून नेलेली झडपेची नळी. आधी कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढून चाल सुधारते का, ते पाहतात; न सुधारल्यास मात्र शंट निरुपयोगीच ठरेल असे नव्हे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९९ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी शंट सुरू असलेल्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला ०.२३ मीटरने वाढला, झडप जवळजवळ बंद ठेवलेल्यांचा ०.०३ मीटरने. पडण्याचे प्रमाण घटले. मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव मात्र वाढला.

पुढच्या वर्षांत सर्वाधिक टिकते ती चाल. स्मरणशक्तीची सुधारणा सर्वांत अनिश्चित. अल्झायमर किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार जोडीला असल्यास मिळालेले हळूहळू ओसरते. म्हणून शस्त्रक्रिया वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे आहे : मधल्या काळात माणूस आपल्या पायांनी मोरीपर्यंत जातो, याचे मोल त्या घराला विचारावे. शिवाय घसरणीचे खापर लगेच वयावर फोडू नये. नळी तुंबलेली वा सरकलेली असू शकते आणि ती दुरुस्त करता येते.

शाहजहानपूरला बनणाऱ्या छाबरा शंटमुळे खर्च आवाक्यात आला. त्याच्या नेहमीच्या झडपेचा दाब ठरलेला असतो. महागड्या झडपेचा दाब बाहेरून चुंबकाने बदलता येतो. अशा काही झडपा एमआरआयनंतर तपासून घ्याव्या लागतात.

रायगड जिल्ह्यात जुलै २०१२ पासून जीवनदायी (आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य) योजना आहे. मेंदूच्या शस्त्रक्रिया तिच्यात येतात, पण कळंबकडच्या रुग्णाने फेरतपासणीला नेरळ स्थानकातून लोकलने परळच्या केईएम किंवा भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात जायचे म्हणजे सोबतच्याचाही रोज बुडतो. शंटनंतरची चाल मोबाइलवर टिपून ठेवली, तर पुढचा बिघाड घरातच लवकर लक्षात येतो. उभे राहताच डोके दुखू लागले, किंवा पडल्यावर गुंगी, उलटी, एका बाजूचा अशक्तपणा दिसला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णाला हलवावे.