ॲव्हरेज किती देते?

गाडी कुठलीही असो, आपल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला. रंग नाही, वेग नाही, सीटा कशा आहेत तेही नाही. ॲव्हरेज किती देते?

२०११च्या एप्रिलमध्ये मी न्यू जर्सीत एक वापरलेली प्रियस बघायला निघालो होतो, तेव्हा पुण्याहून फोनवर बाबांनी हेच विचारलं.

"गावात साठ, हायवेला एक्कावन्न, असं लिहिलंय," मी म्हणालो. (मैल आणि गॅलन. आपल्या हिशेबात लिटरला साडेपंचवीस आणि पावणेबावीस किलोमीटर.)

"कुणी लिहिलंय?"

या दोन शब्दांनी मला पुढचे चार दिवस कामाला लावलं. गाडी घ्यायची की नाही हे ठरवता ठरवता तिच्या घराण्याचा इतिहासच वाचून काढला. सेकंडहँड गाडी बघणं म्हणजे तरी काय, कुणाच्या तरी जुन्या निर्णयांची तपासणीच की!

पेट्रोल आणि वीज एकाच गाडीत घालायची कल्पना जपान्यांची, असा माझा समज होता. तो पहिल्याच संध्याकाळी गेला. १९०० साली व्हिएन्नाच्या लोनर कंपनीत काम करणाऱ्या तरुण फर्डिनांड पोर्शेनं अशी गाडी बनवली होती. चाकांच्या तुंब्यात विजेच्या मोटारी, आणि पेट्रोल इंजिनाचं काम फक्त वीज तयार करायचं. नाव 'सेंपर व्हिवस', म्हणजे लॅटिनमध्ये 'सदा जिवंत'. पण बॅटऱ्या भयंकर जड, किंमत भारी, आणि पेट्रोल स्वस्त होत गेलं. कल्पना अडगळीत पडली.

ती पुन्हा वर काढली व्हिक्टर वूक या अमेरिकन इंजिनिअरनं. (कादंबरीकार हर्मन वूकचा हा भाऊ.) सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं एक ब्युइक स्कायलार्क घेतली आणि तिच्यात इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर बसवली. गाडी चालली, धूर कमी झाला. ईपीएनं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेनं, तिची चाचणीही घेतली, आणि शेवटी प्रकल्प नाकारला. त्याच सुमारास टीआरडब्ल्यू या अमेरिकन कंपनीच्या इंजिनिअरांनी इंजिन आणि मोटर यांची ताकद एका गिअरसंचात वाटून देण्याचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे अमेरिकेच्या हातात सगळं होतं. फक्त घाई नव्हती.

घाई जपानला झाली. १९९३ साली टोयोटात 'जी २१' नावाचा प्रकल्प सुरू झाला, एकविसाव्या शतकाची गाडी बनवायचा. प्रमुख ताकेशी उचियामादा. याआधी त्यांनी एकही गाडी प्रमुख म्हणून बनवलेली नव्हती. आधी ठरलं होतं की नेहमीच्या गाडीच्या दीडपट ॲव्हरेज काढायचं. वरिष्ठ म्हणाले, दीडपट पुरणार नाही, दुप्पट हवं. नुसतं इंजिन सुधारून दुप्पट होत नाही, म्हणून हायब्रिड! १९९५च्या अखेरीस पहिला नमुना तयार झाला आणि तब्बल ४९ दिवस जागचा हललाच नाही. तरीही १९९७च्या डिसेंबरात, ज्या महिन्यात क्योटोचा हवामान करार झाला त्याच महिन्यात, प्रियस जपानमध्ये विक्रीला आली.

त्याच १९९३मध्ये क्लिंटन सरकारनं अमेरिकन कंपन्यांना हाताशी धरून गॅलनला ८० मैल देणाऱ्या गाडीचा मोठा कार्यक्रम जाहीर केला होता. २००२ साली तो गुंडाळला गेला. दुकानात एकही गाडी आली नाही. अमेरिकेत विकली गेलेली पहिली हायब्रिड होती होंडाची दोन सीटांची इनसाइट, १९९९च्या डिसेंबरात. आमच्या चौघांना तिचा काय उपयोग? प्रियस २००० साली आली, पण ती डिकीवाली सेडान. मी बघायला निघालो होतो ती २००३ साली आलेली दुसऱ्या पिढीची, मागचा दरवाजा काचेसकट वर उचलणारी हॅचबॅक.

मालकीण एक निवृत्त शिक्षिका. गाडी २००५ची, ८८ हजार मैल चाललेली. तिनं सहा वर्षांपूर्वीचा खिडकीवरचा कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये जपून ठेवला होता. त्यावर तेच, ६० आणि ५१.

किल्ली फिरवायची नाही, बटण दाबायचं. दाबलं. काहीच झालं नाही. मी पुन्हा दाबणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सुरू आहे ती." आणि खरंच, डॅशबोर्डवरचा इवलासा दांडा हलवल्यावर गाडी आवाज न करता मागे सरकली. मागे जाताना इंजिनाचा संबंधच नाही, हे नंतर कळलं. या गाडीला रिव्हर्स गिअरच नाही. मोटर उलटी फिरते, बस. वेगळा स्टार्टर नाही, डायनॅमो नाही, क्लच नाही. इंजिन, दोन मोटारी आणि चाकं एका प्लॅनेटरी गिअरसंचाला जोडलेली. मध्ये एक दातेरी चाक, भोवती फिरणारी छोटी चाकं, बाहेर दातेरी कडं. कुणी किती जोर लावायचा हे संगणक क्षणाक्षणाला ठरवतो.

आता आराम. मागची सीट बघून मी खूश झालो. उन्हाळ्यात आई-बाबा येणार होते, आणि आईचे गुडघे दुखतात. आत शिरायला वाकावं लागत नव्हतं, पाय पसरायला ऐसपैस जागा. ड्रायव्हरचं मात्र तेवढं सुख नाही. स्टिअरिंग वर-खाली होतं, पण जवळ ओढता येत नाही. माझ्यासारख्या लांब पायांच्या माणसानं पाय नीट ठेवले तर हात ताणायचे, हात नीट ठेवले तर गुडघे दुमडायचे. मागच्या काचेच्या मधोमध आडवी पट्टी. हवेला विरोध कमी व्हावा म्हणून मागचा भाग तसा उतरता केला आहे (ड्रॅगचा आकडा ०.२६, त्या काळी फार थोड्या गाड्यांचा असायचा), आणि त्याची किंमत आरशात बघणाऱ्यानं मोजायची.

चालवायला? सिग्नलवरून निघताना लोण्यासारखी. हायवेच्या चढावर शिरताना मात्र इंजिन एकसुरी ओरडतं. शून्यावरून ताशी ६० मैलांना साधारण दहा सेकंद. दीड लिटरचं इंजिन नुसतं ७६ अश्वशक्तीचं आहे, आणि ते मुद्दाम तसं आहे. ते ॲटकिन्सन पद्धतीनं चालतं. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रजाची ही एकोणिसाव्या शतकातली युक्ती. जाळाचा विस्तार लांब, दाबणं आखूड, म्हणजे प्रत्येक थेंबातून काम जास्त, पण जोर कमी. एकट्यानं हे इंजिन रडत गेलं असतं. कमी पडणारा जोर मोटर भरून काढते. ब्रेक दाबला की आधी तीच मोटर जनित्र होऊन वीज परत गोळा करते. पायाला ते थोडं विचित्र लागतं, पण ब्रेक पॅड वर्षानुवर्षं टिकतात.

इथे मला बाबांची चेतक आठवली. सिग्नलला तिचं इंजिन बंद. कात्रजचा घाट उतरताना बंद. (तशी धोक्याचीच सवय, पण त्या पिढीला कोण सांगणार!) खिशात एक छोटी वही. तारीख, किलोमीटर, लिटर. आम्ही भावंडं त्याला कंजूषपणा म्हणायचो. गंमत अशी की उचियामादांच्या माणसांनी सिग्नलला बंद, उतारावर बंद, हेच मशीनकडून सुरक्षितपणे करवून घेतलं. जादू कुठेच नाही. सगळी ऊर्जा पेट्रोलमधूनच येते, फक्त सांडत नाही.

मग ते ६०? घरी येऊन ईपीएच्या याद्या उघडल्या, तर याच गाडीपुढे आकडे होते ४८ आणि ४५. गाडी तीच, स्क्रूसुद्धा बदललेला नाही! झालं होतं असं की मूळ चाचणी सत्तरच्या दशकातली. गाडी खोलीत रोलरवर चालवायची, एसी बंद, हवा उबदार, हायवेचा सर्वांत जास्त वेग ताशी ६० मैल. १९८५पासून त्या आकड्यांतून काही टक्के वजा करू लागले, तेवढंच. हायब्रिडला ती चाचणी फार मानवायची, कारण हळू चाला-थांबाच्या रस्त्यावरच तिची बचत जास्त. लोकांना ६० मिळेना, तक्रारी वाढल्या. २००८च्या मॉडेलांपासून पद्धत बदलली. जोरात पळवणं, एसी, थंडी हे सगळं त्यात आलं, आणि जुन्या गाड्यांचे आकडेही नव्यानं काढले गेले.

बाबांना फोन केला. म्हणालो, "बाबा, तुमचं खरं होतं. साठ नाही, पंचेचाळीस धरा."

"म्हणजे फसवतात की!"

मलाही तसंच वाटत होतं. मग कागद घेऊन बसलो. वर्षाला १२ हजार मैल. आमची जुनी सेडान २२ द्यायची, म्हणजे ५४५ गॅलन. प्रियस ६० देती तर २००. पंचेचाळीस देते तर २६७. म्हणजे हुकलेल्या वचनाचं नुकसान ६७ गॅलन, आणि तरीही हाती लागणारी बचत जवळजवळ २८०. साडेतीन डॉलरनं वर्षाला हजाराच्या आसपास. ॲव्हरेजचा आकडा आपल्याला असा चकवतो. १५ची गाडी सोडून २०ची घेण्यात ३३वरून ५०वर जाण्यापेक्षा जास्त पेट्रोल वाचतं. ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल यांनी २००८ साली 'सायन्स'मध्ये हेच दाखवलं होतं. 'लिटरला किती किलोमीटर' असं न विचारता 'शंभर किलोमीटरला किती लिटर' असं विचारलं की डोळे उघडतात.

राहिली बॅटरी. सगळ्यांची भीती तिथेच. "ती गेली की गाडीच्या निम्म्या किमतीला खड्डा," असं ऑफिसात प्रत्येकानं सांगितलं. निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ सेल, सुमारे २०० व्होल्ट. पण तिला पोटभर जेवण नाही आणि उपासही नाही. संगणक तिला साधारण ४० ते ८० टक्क्यांमध्येच खेळवतो, म्हणून ती टिकते. त्याच वर्षी 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'नं दोन लाख मैलांवर चाललेली २००२ची एक प्रियस तपासली होती. ॲव्हरेज आलं ४०.४. दहा वर्षांपूर्वी जवळजवळ नव्या असलेल्या तशाच गाडीचं होतं ४०.६. हे वाचून मी पुन्हा बाईंकडे गेलो, मागच्या सीटशेजारची बॅटरीच्या हवेची जाळी तपासली (तिथे कुत्र्याचे केस अडकले की बॅटरी तापते), आणि घासाघीस केली. फार जमली नाही. मार्चच्या भूकंपानं जपानचे कारखाने थांबले होते, त्यामुळे जुन्या प्रियसही महागल्या होत्या. तरी घेतली.

जूनमध्ये बाबा आले. आई मागे बसली आणि डुलकी काढून मोकळी झाली. बाबा पुढे बसून पडद्यावरचे बाण बघत होते. इंजिनाकडून चाकाकडे, चाकाकडून बॅटरीकडे. एका लांब उतारावर इंजिन बंद पडलं, बाण उलटा फिरला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मी फुकट करत होतो."

परत जाताना त्यांनी मला एक छोटी वही दिली. पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात रकाने आखून. तारीख, मैल, गॅलन.

ती वही मी सात वर्षं भरली. जानेवारीत ३९, मे महिन्यात ४९, सगळं मिळून ४४. बॅटरीनं कधी त्रास दिला नाही. माझे खांदे मात्र त्या स्टिअरिंगला शेवटपर्यंत सरावले नाहीत. २०१८ साली गाडी विकली, तेव्हा बाबा नव्हते. घ्यायला आलेला मुलगा नागपूरचा, नुकताच नोकरीला लागलेला. बसायच्या आधीच त्यानं विचारलं, "काका, ॲव्हरेज किती देते?"

"चव्वेचाळीस," मी म्हणालो, आणि कुणी लिहिलंय हे त्यानं विचारायच्या आत वही पुढे केली. त्यानं बराच वेळ पानं चाळली. वही मात्र मी परत मागून घेतली.