शिरेवाटें दिलेलें पाणी

मोठ्या शहरांतून अलीकडे एक नवी प्रथा रूढ होत चालली आहे. प्रकृतीनें धडधाकट असलेलीं माणसें ऐन दुपारीं एखाद्या शृंगारलेल्या दालनांत आरामखुर्चीवर पडतात, हाताच्या शिरेंत सुई टोंचून घेतात, आणि वर टांगलेल्या पिशवींतील पिवळसर पाणी थेंबाथेंबानें रक्तांत उतरूं देतात. त्या पाण्यांत मीठ व जीवनसत्त्वें असतात, आणि एकेका पिशवीला कित्येक हजार रुपये मोजावे लागतात. थकवा जावा, कांति उजळावी, जागरणाचा शीण उतरावा, असे त्यामागील हेतु सांगण्यांत येतात. खेड्यांत याच प्रथेचें जुनें व स्वस्त रूप पूर्वींपासूनच आहे. ‘फार अशक्तपणा आला आहे, एक सलाईन लावा,’ असा आग्रह तेथें रुग्णच धरतो, आणि न लावणारा डॉक्टर त्याला कच्चा वाटतो. दोहोंच्या मुळाशीं समजूत एकच आहे: तोंडावाटें घेतलेल्या वस्तूपेक्षां शिरेवाटें घेतलेली वस्तु अधिक गुणकारी. ही समजूत कितपत खरी आहे हें ठरवावयाचें, तर हा उपाय मुळांत कोणत्या गरजेंतून जन्मास आला हें पाहिलें पाहिजे. तो इतिहास सुमारें दोनशें वर्षांचा असून आमच्या देशाशीं त्याचा संबंध निकटचा आहे.

या इतिहासाचा आरंभ एका भयंकर रोगांत आहे. १८१७ सालीं बंगालमधील जेसोर येथें उसळलेली पटकीची सांथ पुढल्याच वर्षीं मुंबईस येऊन पोंचली. महामारी, जरीमरी अशीं नांवें आमच्या लोकांनीं या रोगाला दिलीं, आणि मरीआईचीं ठाणीं गांवोगांव पुजलीं गेलीं. व्यापाराच्या व सैन्याच्या वाटेनें हा रोग पश्चिमेकडे सरकत गेला, व १८३१ सालच्या शरद ऋतूंत इंग्लंडच्या सन्डरलँड बंदरांत उतरला. सकाळीं हिंडताफिरता मनुष्य सायंकाळपर्यंत निळा पडून थंड होई. डोळे खोल जात, नाडी लागेनाशी होई. त्या काळचे वैद्य अशा रुग्णाची शीर तोडून रक्त काढीत, वांतीचीं औषधें देत, पारदयुक्त रेचकें पाजीत. ज्याच्या अंगांतलें पाणी आधींच वाहून गेलें आहे, त्याच्या अंगांतून आणखी काढून घेण्याचाच हा प्रकार होता.

एडिंबरो येथें वैद्यकाची पदवी घेतलेला विल्यम ब्रूक ओशॉनेसी नांवाचा आयरिश तरुण या वेळीं नुकताच विशी ओलांडत होता. त्यानें उत्तर इंग्लंडांत जाऊन पटकीच्या रुग्णांचें रक्त मिळविलें व त्याचें रासायनिक पृथक्करण केलें. १८३१ च्या डिसेंबर अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रुग्णाच्या रक्तांतील पाण्याचा मोठा अंश व त्याबरोबर क्षार नाहींसे झालेले असून, तेच मलांत सांपडतात. जें गेलें आहे तें परत द्यावें, ही सूचना त्यांतून आपोआप निघत होती. उपचार ठरविण्यापूर्वीं ‘गेलें काय?’ हा प्रश्न त्यानें विचारला आणि त्याचें उत्तर तराजूनें मिळविलें, यांतच त्याच्या कार्याचें महत्त्व आहे.

ती सूचना कृतींत आणली ती स्कॉटलंडांतील लीथ बंदराच्या टॉमस लॅटा या डॉक्टरानें. मीठ व सोडा पाण्यांत विरघळवून तें रुग्णाच्या आंतड्यांत भरण्याचा प्रयत्न त्यानें प्रथम केला. त्यानें गुण येईना, तेव्हां थेट शिरेचा मार्ग धरला. १८३२ च्या मे महिन्यांत त्याच्यापुढें एक वृद्ध स्त्री होती. सर्व प्रचलित उपाय होऊन चुकले होते, आणि ती आतां कांहीं क्षणांची सोबतीण, असेंच पाहणारांस वाटत होतें. लॅटानें तिच्या दंडाच्या शिरेंत नळी घातली व औंसाऔंसानें पाणी सोडण्यास प्रारंभ केला. कांहीं वेळ फरक दिसेना. मग श्वास मोकळा झाला, खोल गेलेले डोळे वर आले, नाडी हातास लागूं लागली, आणि अर्ध्या तासांत सहा पिंट, म्हणजे सुमारें तीन लिटर, पाणी गेल्यावर ती बाई मोठ्यानें बोलली कीं, आतां कांहीं दुखत नाहीं, थोडी झोंप मिळाली म्हणजे झालें. थकलेला लॅटा तिला रुग्णालयाच्या डॉक्टरावर सोंपवून घरीं गेला. जुलाब पुन्हां सुरू झाले, पाणी मात्र पुन्हां कोणी दिलें नाहीं, आणि साडेपांच तासांत ती मरण पावली. देणें एकदांच करून भागत नाहीं, जातें आहे तोंवर देत राहिलें पाहिजे, हा धडा लॅटास तेथें मिळाला. पुढील कित्येक रुग्णांस त्यानें वारंवार पाणी दिलें, व त्यांतील कांहीं जगलेहि.

असें असून हा उपाय अर्ध्याहून अधिक शतक अडगळींत पडला. सांथ ओसरली, लॅटा १८३३ सालीं वारला, बहुतेक रुग्ण अगदीं शेवटच्या घटकेस त्याच्या हातीं आले होते, त्यामुळें मृत्यूंची संख्याच लोकांच्या लक्षांत राहिली. शिवाय जंतूंचें ज्ञान त्या काळीं नव्हतें. पाणी उकळलेलें नसे, आणि मिठाचें प्रमाण रक्ताच्या मानानें कमी असे. ओशॉनेसी तर १८३३ सालीं कंपनी सरकारच्या चाकरींत कलकत्त्यास आला व दुसऱ्याच कामांत गढून गेला. हिंदुस्थानांत तारायंत्राचें जाळें उभारणारा अधिकारी म्हणून इतिहासास तो परिचित आहे. पटकीच्या माहेरघरींच त्यानें आयुष्याचीं कितीतरी वर्षें काढलीं. परंतु त्याची ही विद्या तेथील रुग्णांच्या उपयोगीं पडावयास दुसरा मनुष्य यावा लागला.

मधल्या काळांत प्रयोगशाळांनीं पाण्याचा स्वभाव ओळखला. लंडनच्या सिडनी रिंगर यानें १८८० नंतरच्या दशकांत बेडकाचें हृदय शरीराबाहेर चालतें ठेवण्याचे प्रयोग केले, तेव्हां नुसत्या मिठाच्या पाण्यांत तें मंदावे, पण नळाच्या पाण्यानें केलेल्या द्रावणांत चालू राही. नळाच्या पाण्यांत चुन्याचा अंश होता, हें त्याचें कारण त्यानें शोधून काढलें. डच शास्त्रज्ञ हॅम्बर्गर यानें तांबड्या रक्तपेशी न फुटतां न सुरकुततां राहतील असें मिठाचें प्रमाण शेंकडा ०.९ ठरविलें, आज ज्याला आपण सलाईन म्हणतों तें हेंच, एका लिटरांत नऊ ग्रॅम मीठ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत लेनर्ड रॉजर्स यांनीं कलकत्त्याच्या रुग्णालयांत अधिक तीव्र क्षारजल देऊन पटकीचे मृत्यु शेंकडा साठाच्या आसपास होते ते एक तृतीयांशापर्यंत खालीं आणले. तरी पाणी दिल्यावर थंडी वाजून ताप भरण्याचा प्रकार सुटेना. शिकागोच्या फ्लॉरेन्स सायबर्ट यांनीं १९२३ सालीं दाखवून दिलें कीं, ऊर्ध्वपातित पाण्यांतहि जंतूंचे अवशेष राहतात, व ताप येतो तो त्यांच्यामुळें. यानंतरच शिरेवाटें पाणी देणें रोजच्या व्यवहारांत निर्धास्तपणें आलें.

येथें ही कथा संपली असती, तर शिरेचा मार्गच श्रेष्ठ असें म्हणावयास आधार मिळाला असता. पण तिचें सर्वांत उज्ज्वल प्रकरण पुढें आहे, आणि तें नेमकें उलट दिशेचें आहे. पटकीचें विष आंतड्यांतून पाणी बाहेर लोटतें हें खरें. पण साखर व मीठ जोडीनें शोषून घेण्याची आंतड्यांची शक्ति त्या वेळींहि शाबूत असते, आणि त्या दोहोंच्या पाठोपाठ पाणी आंत जातें. १९६८ सालीं डाक्का येथें यावर आधारलेले प्रयोग यशस्वी झाले. त्यांची खरी परीक्षा झाली ती १९७१ सालीं. पूर्व बंगालमधून लाखों निर्वासित सरहद्द ओलांडून आले. बनगांवच्या छावणींत पटकी पसरली. जमिनीवर खेटून पडलेल्या रुग्णांना पुरतील इतक्या सलाईनच्या बाटल्या नव्हत्या, आणि सुया लावणारे हातहि नव्हते. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असें मिश्रण पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांहातीं पाजण्यास दिलें. तीन हजारांहून अधिक रुग्णांस हें पाणी मिळालें, आणि तेथील मृत्यूचें प्रमाण शेंकडा तिसांच्या आसपास होतें तें चारांच्याहि खालीं उतरलें. अगदीं गलितगात्र झालेल्यांना आरंभीं शिरेवाटेंच पाणी द्यावें लागे व आजहि लागतें. परंतु बाकीच्यांचे प्राण आई, बहीण, भाऊ यांनीं पेल्यानें पाजलेल्या पाण्यानें वांचले. १९७८ सालीं ‘लॅन्सेट’ नें या शोधाची गणना शतकांतील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत होण्यासारखी आहे असें मानलें. ज्या पत्रानें शिरेचा मार्ग प्रसिद्ध केला, त्यानेंच तोंडाच्या मार्गाचा असा गौरव करावा, हा योगायोग मनांत ठेवण्याजोगा आहे.

आतां जीवनसत्त्वांच्या पिशवीकडे वळूं. अमेरिकेंतील बॉल्टिमोर येथें जॉन मायर्स नांवाचे डॉक्टर मॅग्नेशियम, कॅल्शियम, ‘ब’ गटांतील जीवनसत्त्वें व ‘क’ जीवनसत्त्व यांचें मिश्रण रुग्णांस शिरेवाटें देत असत. १९८४ सालीं ते वारले. त्यांच्या रुग्णांपैकीं कांहीं ॲलन गॅबी या डॉक्टरांकडे आले, व त्यांनीं २००२ सालीं या मिश्रणावर लेख लिहून मायर्सांचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलें. आजच्या बहुतेक पिशव्या याच वंशांतील आहेत. या मिश्रणाचा एक छोटा पण नीट आंखलेला प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. सर्वांगदुखीच्या चिवट विकारानें पीडलेल्या ३४ रुग्णांपैकीं कांहींना आठ आठवडे हें मिश्रण मिळालें, कांहींना केवळ क्षारजल. कोणास काय मिळतें हें त्यांस ठाऊक नव्हतें. दोन्ही गटांस बरें वाटलें, आणि दोहोंमध्यें ठरण्याजोगा फरक आढळला नाहीं. ‘मला तर गुण आला’ असें सांगणारे लोक खोटें बोलत नसतात; गुण कशानें आला एवढेंच त्यांस ठाऊक नसतें. २०१८ सालीं अमेरिकेच्या सरकारी व्यापार-आयोगानें टेक्सास संस्थानांतील एका विक्रेत्यावर, अशा पिशव्यांनीं मोठे रोग बरे होतात ही जाहिरात निराधार म्हणून कारवाई केली.

शरीराचा हिशेबहि पाहण्यासारखा आहे. लिटरभर सलाईनमध्यें अन्न म्हणून कांहींच नसतें. शेंकडा पांच ग्लुकोजच्या लिटरभर बाटलींत पन्नास ग्रॅम साखर असते. तिची शक्ति सुमारें एका भाकरीएवढी. ‘क’ जीवनसत्त्व एका पेरूंत दिवसाच्या गरजेहून अधिक सांपडतें. शिरेंत कितीहि ओतलें तरी जादा भाग मूत्रपिंडें कांहीं तासांत बाहेर टाकतात. सर्वच जादा भाग निमूटपणें बाहेर जातो असेंहि नाहीं. मोठ्या मात्रेंतील ‘क’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या क्षारानें मूत्रपिंडांस इजा झाल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. रक्तपेशींतील एका विशिष्ट द्रव्याची जन्मजात उणीव असणारांच्या, आणि ती उणीव आमच्या पारशी बांधवांत व कांहीं आदिवासी जमातींत बरीच आढळते, तांबड्या पेशी त्यानें फुटूं शकतात. हृदय किंवा मूत्रपिंडें दुबळीं असलेल्यास जादा पाणीच घातक ठरतें. मॅग्नेशियम भरभर गेलें तर रक्तदाब उतरतो. आणि सुईच्या वाटेनें जंतु शिरण्याची भीति तर नेहमींचीच. जंतुदोषानें अत्यवस्थ झालेल्या ८७२ रुग्णांवर झालेल्या व २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ज्यांना ‘क’ जीवनसत्त्व शिरेवाटें दिलें त्यांची स्थिति न दिलेल्यांपेक्षां अधिक वाईट झाली. जीवनसत्त्व म्हणून तें निरुपद्रवीच असणार, या भाबड्या तर्कास हें उत्तर पुरेसें आहे.

म्हणून शिरेवाटें औषध घेणें सर्वथा त्याज्य असा निष्कर्ष मात्र कोणीं काढूं नये. वांति थांबत नाहीं, शुद्ध हरपली आहे, आंतड्यांनीं काम सोडलें आहे, दीर्घ मद्यपानानें ‘ब-एक’ जीवनसत्त्व इतकें आटलें आहे कीं मेंदूस धोका आहे, अशा प्रसंगीं तीच सुई जीवदान देते, व ती लावण्यास विलंब करणें हा अपराध ठरेल. पण या प्रत्येक प्रसंगीं ओशॉनेसीचा प्रश्न विचारलेला असतो: काय गेलें, किती गेलें, आणि तोंडाचा मार्ग बंद आहे काय? आरामखुर्चीवरील गिऱ्हाइकास हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, आणि गांवच्या दवाखान्यांतील थकलेल्या मजुरासहि बहुधा कोणी विचारीत नाहीं. पहिल्याचे पैसे गेले तर त्याचें फारसें बिघडत नाहीं. दुसऱ्याची मात्र एक-दोन दिवसांची मजुरी जाते, आणि त्याच्या अशक्तपणाचें खरें कारण, मग तो रक्तक्षय असो, क्षय असो कीं मधुमेह असो, त्या बाटलीआड दडून राहतें. आमच्या मतें या प्रथेची सर्वांत मोठी हानि हीच होय.

सुशिक्षित कुटुंबांनीं या बाबतींत दोन गोष्टी कराव्या. आपल्या घरीं कोणी सुई लावूं लागला, तर ‘कशाची उणीव भरून काढावयाची आहे?’ असें विनयानें पण स्पष्ट विचारावें. जाणता डॉक्टर या प्रश्नाचा राग मानणार नाहीं. आणि घरीं जुलाबवांतीचा रुग्ण असेल, तर क्षार-साखरेची तयार पुडी पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यांत कालवून पहिल्या जुलाबापासूनच घोट घोट पाजावी, व तो सुस्त पडला, कांहींच पोटांत ठरेना किंवा लघवी बंद झाली, तर त्याला तडक रुग्णालयांत न्यावें. बनगांवच्या छावणींत निरक्षर आयांनीं जें केलें, तें आमच्या घरांतून होण्यास कांहींच अडचण नसावी.