खोकल्यातून रक्त पडलं तर लपवू नका

खोकताना रक्त पडलं की अजूनही कितीतरी बाया पदराने पुसतात आणि गप्प बसतात. "कळलं तर मला माहेरी धाडतील, पोरीचं लग्न अडेल," हे बोल आम्ही गटाच्या बैठकीत पुष्कळदा ऐकतो. ही भीती आली कुठून, ते आज पाहू.

क्षयाला, म्हणजे टीबीला, पूर्वी राजयक्ष्मा म्हणत. माधवराव पेशवे याच रोगाने १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. वय अवघं २७. पेशव्यांना वैद्यांची काय कमी होती? पण औषधच नव्हतं.

नंतर आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी. अमेरिकेत शिकून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांचा विभाग सांभाळणार होत्या. पण परतल्या त्या आजारी होऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची २२ वर्षंही पुरी झाली नव्हती. त्याआधी पाच वर्षं, १८८२ साली, जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी हा रोग जंतूमुळे होतो हे दाखवलं होतं. शाप नाही, पाप नाही, घराण्याचा दोषही नाही. कारण सापडलं, औषध मात्र अजून लांब होतं.

तोवर उपाय एकच, सॅनेटोरियम. पाचगणीला, मिरजेजवळ वानलेसवाडीला अशी ठिकाणं होती. मोकळी हवा, चांगलं अन्न, विश्रांती. पण लेकरं आणि चूल सोडून महिनोन्‌महिने तिथे राहणं किती बायांना जमणार?

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि पुढे गोळ्याही आल्या. मग १९५६ साली मद्रासला एक मोठा अभ्यास सुरू झाला. १९३ गरीब रोगी घेतले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना घरीच. औषध दोघांना सारखंच, वर्षभर. घरच्यांची खोली लहान, माणसं जास्त, जेवण साधंच. तरीही घरी राहणारे जवळजवळ तितकेच बरे झाले. आणि त्यांच्या घरातल्यांना लागण जास्त झाली नाही. १९५९ साली हे जगापुढे आलं. नेमाने औषध घेतलं तर रोगी घरी राहून बरा होतो, हे आपल्याच देशातल्या गरिबांनी सिद्ध केलं.

म्हणून बायांनो, टीबी झालेल्या सुनेला माहेरी धाडायला आता काही आधार नाही. हा रोग खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. औषध लागू पडलं की पसरणंही लवकरच कमी होतं. धोका असतो तो लपवलेल्या, औषध न घेतलेल्या रोगापासून.

खोकल्यातून पडलेलं रक्त दरवेळी टीबीचंच असतं असं नाही. न्यूमोनिया, फुप्फुसाचे इतर आजार, कर्करोग, हृदयाचा आजार यांतही पडतं. कधी मिश्रीने हिरड्यांतून आलेलं रक्त थुंकीत दिसतं. पण हे आपण घरी ठरवायचं नाही. एकदाच आणि थोडंसं दिसलं तरी आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात जा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, यातलं काही असेल तरी बेडका तपासून घ्या. रक्त अर्धा कप किंवा जास्त पडलं, किंवा दम लागला, तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

टीबी निघालाच तर सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत. जेवणासाठी खात्यात पैसेही येतात. साध्या टीबीला साधारण सहा महिने गोळ्या लागतात. महिना-दोन महिन्यांत बरं वाटतं आणि बाई गोळ्या सोडते. तिथेच रोग चिवट होतो. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, डॉक्टर सांगतील त्यांना बचावाच्या गोळ्या द्या. खोकताना तोंडावर पदर धरा, खिडकी उघडी ठेवा, चुलीचा धूर बाहेर जाऊ द्या. घरात कोणी विडी ओढत असेल तर ती सोडायला सांगा. बाळाला जन्मतःच बीसीजीची लस टोचून घ्या.

आपण गटात हप्ता चुकला तर घरी जाऊन विचारतो. तसंच गोळ्यांचंही विचारू या. आनंदीबाईंना जे औषध मिळालं नाही, ते आज आपल्या आरोग्य केंद्रात आहे. नुसत्या लाजेपायी आपली एकही मैत्रीण त्यावाचून राहता कामा नये.